गादीवर कधीच न बसलेले आजोबा

1008 सालच्या शरद ऋतूतली गोष्ट. क्योतोमधल्या एका आलिशान वाड्यात जपानमधला त्या काळचा सगळ्यात ताकदवान माणूस पहाटे पहाटे उठून नातवाच्या खोलीत जायचा, दाई बिचारी अर्धवट झोपेत, आणि हा तिच्या कुशीतनं बाळ उचलून घ्यायचा. एकदा बाळाने आजोबांच्या अंगावर सू केली. भारी रेशमी अंगरखा, ओलाचिंब. आजोबांनी गाठ सोडली, अंगरखा काढला आणि पडद्यामागे शेगडीवर शेकत बसले, वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की वा, ह्या राजपुत्राच्या मुताने भिजणं म्हणजे केवढं भाग्य, आणि हे वाळवत बसायचं म्हणजे तर मनासारखं झालं सगळं!

आजोबांचं नाव फुजिवारा नो मिचिनागा. हे लिहून ठेवणारी बाई मुरासाकी शिकिबु, गेंजीची गोष्ट ही गाजलेली कादंबरी लिहिणारी तीच, जी त्या वेळी मिचिनागाच्या मुलीच्या पदरी होती आणि तिची डायरी आजही वाचायला मिळते. मी पहिल्यांदा हा प्रसंग वाचला तेव्हा हसलो, कुठल्याही घरात घडेल असा आहे. मग जसजसं त्या दरबाराबद्दल वाचत गेलो तसतसं लक्षात यायला लागलं की हा माणूस नुसता लाडात आलेला आजोबा नाहीये, ह्या ओल्या अंगरख्याची तो वीस वर्षं वाट बघत होता. त्याच्या मुलीला मुलगा झाला होता आणि मुलीचा नवरा सम्राट होता. म्हणजे हे बाळ उद्याचा सम्राट, आणि बाळाच्या वतीने कारभार कोण बघणार? आईचे वडील.

तेव्हाच्या जपानमधे मोठ्या घराण्यांतली लग्नं कशी व्हायची ते कळल्याशिवाय ह्यातलं काहीच कळत नाही. बायको लग्न होऊन सासरी नांदायला जायची असं सरसकट नव्हतं. नवरा बायकोच्या घरी यायचा, रात्री यायचा पहाटे जायचा, पुढे कधी तिथेच राहायला यायचा, आणि मुलं आईच्या घरी वाढायची. घर, नोकरचाकर, कपडेलत्ते, सगळं बघणार सासरा. सम्राटाची राणी मात्र राजवाड्यात राहायची, तिथे तिला स्वतःची दालनं असायची, पण बाळंतपण राजवाड्यात चालायचं नाही कारण बाळंतपणाचं रक्त अपवित्र, सोवळंओवळं तिथेही कडक. म्हणजे दिवस गेले की राणी माहेरी. पोर माहेरी जन्मायचं, पहिले काही महिने आणि पुष्कळदा पुढची वर्षंसुद्धा आजोळीच काढायचं. ज्याला पुढे सम्राट व्हायचंय त्याला बोलायला चालायला शिकवणारी सगळी माणसं एकाच घरची. ते पोर आठ वर्षांचं झालं आणि गादीवर बसलं की त्याला भरवशाचं माणूस म्हणून आजोबा आणि मामा सोडून कोण दिसणार हो?

मुरासाकीने ते बाळंतपणही लिहून ठेवलंय आणि ते वाचताना धाप लागते. दीड दिवस कळा चाललेल्या, राणीचं वय वीसच्या आसपास, सगळ्या दासी पांढऱ्या कपड्यांत, भिक्षू ओरडून ओरडून मंत्र म्हणतायत, भुतंखेतं उतरवून घ्यायला वेगळ्या बायका बसवलेल्या, आणि दृष्ट लागू नये म्हणून जे तांदूळ उधळत होते ते बायकांच्या डोक्यांवर बर्फासारखे साचलेले. एवढा सगळा गोंधळ एका पोरीभोवती. तिचं नाव शोशी.

थोडं मागे जाऊ. हे घराणं सुरू होतं कामातारीपासून. 645 साली एका राजपुत्राशी संगनमत करून त्याने दरबारात वरचढ झालेल्या सोगा घराण्यातल्या इरुकाला भर दरबारात कापून काढलं. तो राजपुत्र पुढे सम्राट तेंजी झाला आणि 669 साली कामातारी मरणाच्या दारात असताना त्याने त्याला फुजिवारा हे आडनाव दिलं. पण खरी युक्ती सापडली ती त्याच्या मुलाला, फुहितोला. ह्याने आपली मुलगी मियाको सम्राट मोम्मुला दिली, तिला 701 मधे मुलगा झाला, तोच पुढे सम्राट शोमु. आणि मग ह्याच शोमुला फुहितोने आपली दुसरी मुलगी दिली, कोम्यो, तीही 701 चीच. म्हणजे शोमुची आई आणि बायको ह्या सावत्र बहिणी. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न म्हटलं तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत पण सख्खी काय सावत्र काय, मावशी म्हणजे मावशी, माय मरो मावशी जगो म्हणतात ती. मी हे आईला सांगितलं तर ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, म्हणजे बाहेरच्या कुणाला चान्सच द्यायचा नाही.

अगदी बरोब्बर.

कोम्योला 729 साली पट्टराणीचा दर्जा मिळाला, आणि हे फार मोठं होतं कारण त्याआधी तो मान राजघराण्यात जन्मलेल्या मुलीचाच मानला जायचा. ह्याला अडचण ठरू शकणारा राजपुत्र नागाया ह्याच्यावर त्याच वर्षी बंडाच्या कटाचा आरोप आला आणि त्याला आत्महत्या करावी लागली, तो गेला आणि काही महिन्यांत कोम्यो पट्टराणी. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

पण मला ह्या सगळ्यात कोम्योपेक्षा तिची मोठी बहीण मियाको जास्त आठवते. 701 मधे मुलगा झाला आणि त्यानंतर ती खचली, कुणाला भेटेना, आजचे डॉक्टर बाळंतपणानंतरचं डिप्रेशन म्हणतील. स्वतःच्या मुलाला ती जवळजवळ छत्तीस वर्षं भेटली नाही. 737 मधे गेंबो नावाच्या भिक्षूने तिच्यावर उपचार केले, तिला बरं वाटलं, आणि मग सम्राट झालेला तो मुलगा आईला पहिल्यांदा भेटला. हे कुठल्या नाटकातलं नाही, सरकारी इतिहासात नोंदवलेलं आहे. त्याच वर्षी देवीची साथ आली आणि फुहितोची चारही मुलं, मियाकोचे चारही भाऊ, एकाच साथीत गेले. त्या चौघांच्या चार शाखा झाल्या होत्या, त्यातली उत्तरेची म्हणवली जाणारी शाखा पुढे टिकली आणि बाकीच्या मागे पडल्या.

एक प्रश्न राहून राहून पडतो. एवढी ताकद हातात असताना हे लोक स्वतः गादीवर का नाही बसले? चीनमधे, आपल्याकडे, जगात सगळीकडे वजीर आणि सेनापती राजाला बाजूला सारून राजे झालेत. इथे तेराशे-चौदाशे वर्षांत ह्या घराण्याने तसा प्रयत्नसुद्धा केला नाही. पुस्तकी उत्तर असं की सम्राट हा सूर्यदेवी आमातेरासूचा वंशज आणि वंश वडिलांकडून मोजायचा, फुजिवारांचा स्वतःचा देव वेगळा, आमे नो कोयाने, आणि पुराणकथेत तो त्या सूर्यवंशाच्या सेवेला नेमलेला. म्हणजे जागा आधीच वाटून दिलेल्या. पण मला वाटतं त्याहून साधं कारण हे की त्यांना गरजच नव्हती. राजा झालं की दुसरा कुणीतरी तुम्हाला मारून राजा होऊ शकतो. सासरा झालं की काम होतंच, आणि शिव्या खायला, देवधर्म सांभाळायला, उपासतापास करायला जावई आहे.

858 मधे योशिफुसाने आपल्या आठ वर्षांच्या नातवाला, सेइवाला, गादीवर बसवलं आणि राजघराण्याबाहेरचा पहिला राजप्रतिनिधी झाला. लहान सम्राटाचा प्रतिनिधी तो सेश्शो. योशिफुसाचा पुतण्या आणि दत्तक मुलगा मोतोत्सुने ह्याने मोठ्या सम्राटासाठीही तशीच खुर्ची तयार केली, ती कम्पाकु. त्यानंतरचे पुढचे शंभर वर्षांचे झगडे मी इथे सांगत बसत नाही, सगळे काका-पुतणे आणि भाऊ-भाऊच एकमेकांच्या उरावर बसलेले. वाटेत आडवा आलेला विद्वान सुगावारा नो मिचिझाने 901 मधे दूर दझाइफुला हद्दपार झाला, तिथेच मेला, आणि नंतर राजधानीत विजा पडायला लागल्यावर ह्याच लोकांनी घाबरून त्याचा देव केला. आज जपानमधली पोरं परीक्षेच्या आधी त्याच्याच देवळात जातात.

आता परत मिचिनागा. तो चांगला मुत्सद्दी होता, नशीबवान तर भलताच होता. घरातला धाकटा मुलगा, थोरले भाऊ 995 च्या साथीच्या वर्षी पाठोपाठ गेले आणि वाट मोकळी झाली. थोरल्या भावाची मुलगी तेइशी आधीच सम्राट इचिजोची राणी होती आणि सम्राटाचा तिच्यावर मनापासून जीव होता. तिच्या भावाच्या माणसांनी एका माजी सम्राटावर बाण सोडला, 996 साली, भानगड एका बाईवरून झालेल्या गैरसमजाची, आणि ते सगळं घर कोसळलं. तेइशीने केस कापून टाकले, म्हणजे संन्यासच घेतला. तरी सम्राटाने तिला परत बोलावलं. मग मिचिनागाने काय केलं, तर 999 मधे आपली अकरा-बारा वर्षांची मुलगी शोशी राजवाड्यात पाठवली आणि पुढच्या वर्षी एका सम्राटाला एकाच वेळी दोन पट्टराण्या असा आजवर न झालेला प्रकार घडवून आणला. तेइशी त्याच वर्षाच्या शेवटी बाळंतपणात गेली. मागे राहिलेला तिचा छोटा मुलगा आत्सुयासु शोशीनेच वाढवला.

आणि शोशीला मूल होईना. एक वर्ष, दोन, पाच, आठ. 1007 मधे मिचिनागा स्वतः किंपु पर्वत चढून गेला, अवघड चढ आहे तो, वर जाऊन त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली बौद्ध सूत्रं सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या डब्यात घालून पुरली. तो डबा पुढे एदो काळात जमिनीतनं निघाला, त्याच्यावर कोरलेला मजकूर अजून वाचता येतो. कोरलेल्या मजकुरात आयुष्य, पुण्य, पुढचा जन्म असं सगळं आहे. नातवाचं काही नाही त्यात. पण पुढच्या वर्षी नातू झाला, मग लोक काय समजायचं ते समजले.

पुढचा भाग मला जास्त बोचतो. 1011 मधे सम्राट इचिजो मरणाला टेकला आणि युवराज कोण हा प्रश्न आला. थोरला मुलगा आत्सुयासु, बारा-तेरा वर्षांचा, बापाची इच्छा तोच व्हावा अशी. पण त्याला आजोळच उरलं नव्हतं. मिचिनागाचा नातू तीन वर्षांचा, त्याला युवराज केलं. आता बघा, ज्या शोशीच्या पोटच्या मुलाला हे मिळालं ती शोशीच बापावर चिडली! थोरल्याचा हक्क डावलला म्हणून, नवऱ्याची इच्छा डावलली म्हणून. दरबारातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याच्या रोजनिशीत ह्याची नोंद आहे. राजकारणात वापरलेल्या पोरींबद्दल आपण नेहमी बिचारी म्हणून बोलतो, पण ही बाई सत्त्याऐंशी वर्षं जगली, बाप गेल्यावर जवळपास अर्धं शतक दरबारातली सगळ्यात वजनदार व्यक्ती होती, दोन मुलं आणि दोन नातू सम्राट झालेले तिने पाहिले. माझ्या मते त्या घरातला खरा माणूस तीच.

1016 मधे इचिजोनंतर गादीवर आलेला मधला सम्राट सांजो, डोळे अधू झालेला, त्याला मिचिनागाने सतावून सतावून पायउतार व्हायला लावलं आणि तो अंगावर सू करणारा नातू सम्राट गो-इचिजो झाला. मिचिनागा सेश्शो झाला तो फक्त वर्षभर, मग खुर्ची थोरल्या मुलाला, योरिमिचीला दिली. कम्पाकु तर तो कधी झालाच नाही, तरी त्याच्या डायरीला लोक कम्पाकुची डायरी म्हणतात. ती डायरी, त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली, खाडाखोडीसकट, आजही क्योतोत कोनोए घराण्याच्या संग्रहात आहे, हजार वर्षं झाली तरी. 2013 मधे युनेस्कोने तिला जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं.

1018 सालची, त्यांच्या पंचांगातल्या दहाव्या महिन्यातली मेजवानी तर प्रसिद्धच आहे. आणखी एक मुलगी इशी त्या दिवशी पट्टराणी झाली. नवरा कोण, तर गो-इचिजो. शोशीचा मुलगा. परत मावशी-भाचा, ती अठरा-एकोणीस वर्षांची आणि तो दहा. एका घरच्या तीन सख्ख्या बहिणी एकाच वेळी तीन राण्यांच्या पदांवर, त्याआधी कधीच घडलं नव्हतं. दारू झाली, गाणी झाली आणि मिचिनागाने एक कविता म्हटली की हे जग म्हणजे माझंच जग वाटतं, पौर्णिमेच्या चंद्रासारखं, कुठे म्हणून उणं नाही. मग समोर बसलेल्या सानेसुकेला म्हणाला, तू उत्तरादाखल एक कर. सानेसुके म्हणजे त्याच घराण्याच्या दुसऱ्या पातीचा, तत्त्वाला धरून चालणारा, मिचिनागाच्या पुढेपुढे न करणारा. तो म्हणाला, एवढ्या सुंदर कवितेला मी काय उत्तर देणार, त्यापेक्षा आपण सगळे मिळून हीच म्हणूया. आणि सगळ्यांनी कोरसमधे म्हटली. काय शिताफीने सुटला बघा. मजा म्हणजे मिचिनागाच्या स्वतःच्या डायरीत त्या दिवशी आपण कविता म्हटली एवढंच आहे, शब्द नाहीत. शब्द टिकले ते सानेसुकेने घरी जाऊन लिहिले म्हणून. आज शाळेत पोरं ती पाठ करतात ती ह्या खडूस भावकीच्या कृपेने.

तोवर मिचिनागाला सारखी तहान लागायची, रात्रंदिवस पाणी प्यायचा, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा नीट दिसेनासा झाला होता. मधुमेह असणार असं आजचे लोक म्हणतात. आणि मग मुली जायला लागल्या. सगळ्यात धाकटी किशी, तीही दुसऱ्या भाच्याला दिलेली, युवराजाला, 1025 मधे गोवर निघालेला असताना बाळंत झाली आणि दोन दिवसांत गेली, एकोणीस वर्षांची. तिचा मुलगा पुढे सम्राट झाला. आणखी एक मुलगी त्याच वर्षी गेली. 1027 मधे केन्शी गेली. त्या वर्षाअखेर बापही गेला. शेवटच्या दिवसांत स्वतः बांधलेल्या होजो-जी देवळात अमिताभ बुद्धाच्या नऊ मूर्तींच्या हातांना बांधलेले रंगीत दोरे हातात धरून तो पडून होता अशी आख्यायिका आहे. ते देऊळ आता नाही.

केन्शीची गोष्ट राहिली. ती सम्राट सांजोची राणी. 1013 मधे तिला मुलगी झाली आणि मिचिनागा नाराज झाला, तोंड पाडून बसला, मुलगी झाली म्हणूनच असणार असं सानेसुकेने लिहून ठेवलंय. ह्या नकोशा नातीचं लग्न पुढे शोशीच्या धाकट्या मुलाशी, नंतर सम्राट झालेल्या गो-सुझाकुशी झालं आणि 1034 मधे तिला मुलगा झाला. तिकडे मिचिनागाचा मुलगा योरिमिची पन्नास वर्षं सेश्शो-कम्पाकु राहिला, पण त्याने राजवाड्यात पाठवलेल्या मुलींना मुलगा झाला नाही, भावाच्या मुलींनाही नाही. पन्नास वर्षं सत्ता, आणि नातू नाही. शेवटी 1068 मधे नाइलाजाने तो नकोशीचा मुलगा सम्राट गो-सांजो झाला. त्याची आई राजकन्या, बाप सम्राट, म्हणजे आजोबा फुजिवारा नाही. एकशे सत्तर वर्षांत पहिल्यांदा. तो तेवीस वर्षं युवराज होता आणि युवराजाला द्यायची त्सुबोकिरी नावाची तलवार फुजिवारांनी त्याला तितकी वर्षं दिलीच नाही, आमच्या मुलीच्या मुलासाठी आहे म्हणून, असा किस्सा सांगतात. आल्या आल्या त्याने जहागिरींची कागदपत्रं तपासायला कचेरी उघडली, फुजिवारांच्यासुद्धा. त्याचा मुलगा शिराकावा 1086 मधे स्वतःहून गादी सोडून मुलाला बसवून मागून कारभार करायला लागला. आता बापच मागे बसून राज्य करणार, मग आईच्या बापाचं काम संपलं.

योरिमिचीने त्याआधीच क्योतोजवळ उजीला बापाच्या बंगल्याचं देऊळ केलं होतं, ब्योदो-इन, आणि 1053 मधे तिथला फिनिक्स हॉल उभा राहिला. जपानच्या दहा येनच्या नाण्यावर तोच आहे. नातू न झालेल्या माणसाचं देऊळ प्रत्येकाच्या खिशात.

सत्ता गेली पण मान गेला नाही, ही ह्या लोकांची खासियत. उत्तरेकडच्या त्या शाखेची तेराव्या शतकापर्यंत पाच घरं झाली, कोनोए, कुजो, निजो, इचिजो, ताकात्सुकासा, आणि कम्पाकु ह्या पाचांतूनच आळीपाळीने. खरी ताकद सामुराईंकडे, शोगुनकडे, पण पद म्हणजे पद. तोयोतोमी हिदेयोशी, शेतकऱ्याच्या घरातनं येऊन पुढे जवळपास सगळा जपान जिंकलेला, त्याला 1585 मधे कम्पाकु व्हायचं होतं तर आधी कोनोए साकिहिसाचा मानलेला मुलगा व्हावं लागलं! तो आणि त्याचा भाचा सोडले तर योशिफुसापासून 1868 पर्यंत, म्हणजे हजार वर्षं, सेश्शो-कम्पाकुचं पद एका कुळाबाहेर गेलं नाही. शेवटचा कम्पाकु निजो नारियुकी.

बाकीची लहानमोठी दरबारी घरं, सव्वाशेच्या वर, ती आपापली विद्या सांभाळून होती. असुकाइंकडे चामड्याच्या चेंडूचा केमारी खेळ, रेइझेइंकडे कविता, त्सुचिमिकादोंकडे पंचांग आणि शकुन, यामाशिनांकडे दरबारी पोशाख. पैसा बेताचाच. शोगुन झालेल्या तोकुगावांनी 1615 मधे ह्या लोकांसाठी कायदाच केला, त्यात पहिलं कलम सम्राटाने विद्याभ्यास करावा. म्हणजे गप्प बसून पुस्तकं वाचा. आणि 1620 मधे तोकुगावांनीही जुनीच युक्ती करून पाहिली, शोगुनने आपली मुलगी मासाको सम्राट गो-मिझुनोओला दिली. तिचे मुलगे लहानपणीच गेले, मुलगी मेइशो मात्र 1629 मधे सम्राज्ञी म्हणून गादीवर बसली.

क्योतोला गेलात तर राजवाड्याभोवतीची ती भली मोठी बाग बघाच. बागबिग नव्हतीच ती, ह्या दरबारी घरांचा मोहल्ला होता, शंभराच्या वर वाडे, भिंतीला भिंत. 1869 मधे सम्राट टोक्योला गेला, मागोमाग बहुतेक सगळे गेले, वाडे पडले आणि झाडं लावली. आता नुसते रुंद रस्ते, पायाखाली करकरणारी खडी, सायकलींनी त्या खडीत पाडलेली एक बारीक पाऊलवाट, आणि मधूनच लाकडी पाटी, इथे अमक्याचा वाडा होता. कोनोएंच्या जागी तळं आणि खाली लोंबणाऱ्या फांद्यांची चेरी आहे. कुजोंच्या जागी तळ्याकाठचं चहाघर. आणि उत्तर टोकाला कुंपणात एक लहानसं घर आणि विहीर, ते नाकायामांचं. मेइजी सम्राट 1852 मधे तिथे जन्मला.

म्हणजे मुरासाकीच्या डायरीनंतर साडेआठशे वर्षांनीसुद्धा तेच! सम्राटाची बाई बाळंतपणाला माहेरी. नाकायामा योशिको पट्टराणी नव्हती, दरबारातली सेविका होती, बाप दरबारी पण कडका, बाळंतपणाची खोली बांधायला त्याला कर्ज काढावं लागलं. पोर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत आजोळीच होतं. ते घर बघून मला फार हसू आलं खरं सांगायचं तर, एवढ्याशा घरातनं आधुनिक जपान निघाला.

मेइजीची पट्टराणी इचिजो घराण्यातली, हारुको, तिला मूल झालं नाही. पंधरा मुलं झाली ती इतर बायकांना, जगली पाच. त्यातला एकुलता मुलगा तइशो, आई यानागिवारा नारुको, दरबारी घरचीच. हारुको शोकेन ह्या नावाने ओळखली जाते, आणि 1912 मधे तिने आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसला दिलेल्या एक लाख येनमधून निघालेला फंड आजही जगभर मदत वाटतो.

मग तइशोसाठी मुलगी शोधताना एका राजकन्येशी ठरलेलं तब्येतीच्या कारणाने मोडलं आणि निवड झाली कुजो सादाकोची. ही लहानपणी कोएंजीला, तेव्हा ते खेडं होतं, एका शेतकऱ्याच्या घरी वाढलेली, उन्हात रापलेली, तिला कुजोंची काळी राजकुमारी म्हणायचे. रूप बघून नव्हे, धडधाकट आहे म्हणून निवडली, 1900 मधे लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी हिरोहितो झाला, एकूण चार मुलगे. तइशोने दुसरी बाई ठेवली नाही, हिरोहितोने तर पहिल्या चार मुलीच झाल्या तेव्हाही दरबाऱ्यांचा तसा सल्ला धुडकावला. कामातारीच्या कुळातनं थेट पट्टराणी झालेली सादाको शेवटची. हिरोहितोची बायको राजघराण्याच्याच शाखेतली, आणि 1959 मधे त्यांच्या मुलाने, आकिहितोने पिठाच्या गिरण्यांच्या मालकाची मुलगी केली तेव्हा जुन्या सरदारी बायकांनी नाकं मुरडली, पण झालं लग्न.

1947 च्या घटनेने सरदारक्या रद्द केल्या. त्याच वर्षी राजघराण्याच्या अकरा शाखा, एक्कावन्न माणसं, सामान्य नागरिक झाली. राजकन्येने बाहेर लग्न केलं की तिचं राजपद जातं हाही नियम कायम राहिला, त्यामुळे हिरोहितोची मुलगी काझुको 1950 मधे ताकात्सुकासांकडे गेली, पुतणी यासुको 1966 मधे कोनोएंकडे गेली, हजार वर्षांचे सोयरे, पण कायद्याने दोघी सामान्य झाल्या.

कोनोएंचं तर काय सांगावं. फुमिमारो कोनोए पंतप्रधान होता, 1937 मधे चीनशी युद्ध पेटलं ते ह्याच्याच वेळी, आणि 1945 च्या डिसेंबरात अटकेच्या दिवशी त्याने विष घेतलं. थोरला मुलगा सोव्हिएत छावणीत 1956 मधे गेला. मग घर चालवायला फुमिमारोच्या मुलीचा मुलगा तादातेरू दत्तक आला, यासुकोचा नवरा तो हाच. त्याचा सख्खा भाऊ मोरिहिरो होसोकावा 1993 मधे पंतप्रधान झाला. दत्तक ह्या घराला नवीन नाहीच. सतराव्या शतकात वारस नव्हता तेव्हा मामाने भाचा दत्तक घेतला होता, आणि भाचा कोण, तर सम्राट गो-योझेइचा मुलगा. त्यामुळे बापाकडून मोजत गेलं तर फुमिमारो फुजिवारा नव्हताच, राजवंशाचा होता. ताकात्सुकासांकडेही अठराव्या शतकात राजपुत्र असाच दत्तक गेलाय.

आणि राजघराण्याला मात्र दत्तक घ्यायची बंदी, राजघराण्याच्या कायद्याचं नववं कलम. गादी फक्त बापाकडच्या वंशातल्या पुरुषाला. आता सम्राटाच्या पुढच्या पिढीत मुलगा एकच, पुतण्या हिसाहितो, 2006 चा. म्हणून संसदेत चर्चा चालू आहे की 1947 मधे बाहेर काढलेल्या शाखांमधले पुरुष दत्तक घेता यावेत, आणि लग्न झालेल्या राजकन्यांना घरात राहू द्यावं, पण मग त्यांच्या नवऱ्याचं आणि मुलांचं काय ह्यावर गाडी अडते. ज्या दरबाराचा तीनशे वर्षांचा इतिहास आई कुणाची मुलगी ह्यावर चालला तिथे आता आईकडचं रक्त मोजायचंच नाही असा हट्ट धरणारे लोक परंपरेचं नाव घेतात ह्याची मला गंमत वाटते. आणि राग पण येतो, थोडासा.

सम्राटाची एकुलती मुलगी आइको, 2001 ची, तिला सध्याच्या कायद्याने गादी नाही. जपानी साहित्यात शिकली, आणि 2024 च्या एप्रिलपासून टोक्योत जपान रेड क्रॉसमधे नोकरी करते. तादातेरू कोनोए चौदा वर्षं अध्यक्ष होते तिथेच.